निवडणुकीचा पैसा आणि न्यायमूर्ती तारकुंडे



या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे पंडित बोलून गेले. त्यांच्या पंक्तीत मला बसवण्याचे कारण चालकांनाच ठाऊक. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. कायद्याचे पुस्तक मी परीक्षेसाठी कधी वाचले नाही. उद्याच्या तारखेला काय बोलायचे, एवढ्यासाठीच वाचले. त्यामुळे माझ्या बोलण्यात कुठे ओबडधोबडपणा आढळला, तर तो तुम्ही पदरात घ्याल अशी आशा आहे.

आजचा विषय निवडणुकीच्या पैशाचा आहे. तो मांडण्यासाठी मी एका वकिलाचे चरित्र निवडले आहे. बॅरिस्टर विठ्ठल महादेव तारकुंडे हे त्यांचे नाव. निवडणुकीच्या खर्चावर देखरेख ठेवणारे सरकारी पद त्यांना कधी मिळाले नाही. पण असे पद कसे असावे, त्यावरचा माणूस कोणी नेमावा आणि पक्षांच्या तिजोरीचा हिशेब कोणी तपासावा, याचा आराखडा त्यांच्या अध्यक्षतेखाली १९७५ साली तयार झाला. त्यातल्या काही गोष्टी पुढे कायद्यात आल्या आणि काही अजून वाट पाहत आहेत.

या विषयाची सुरुवात मी आमच्या घरापासून करतो. आमचे घर म्हणजे कामगार संघटना.

इंग्लंडमध्ये रेल्वे कामगारांच्या संघटनेने मजूर पक्षासाठी सभासदांकडून पैसे गोळा केले. ऑस्बॉर्न नावाच्या एका सभासदाने त्याविरुद्ध दावा लावला, आणि १९०९ साली उमरावांच्या सभेने निकाल दिला की कामगार संघटनेला राजकारणासाठी पैसा खर्च करता येणार नाही. मजूर पक्षाच्या पोटावरच हा पाय होता. पुढे १९१३ च्या कायद्याने यातून वाट काढली. राजकारणासाठी संघटनेने वेगळा निधी ठेवावा, आणि ज्याला द्यायचे नसेल त्याने देऊ नये. आपल्याकडे १९२६ साली कामगार संघटनांचा कायदा झाला तेव्हा हीच कल्पना त्याच्या सोळाव्या कलमात आली. सर्वसाधारण निधीतला पैसा निवडणुकीला लावायचा नाही. राजकीय निधी वेगळा. त्याची वर्गणी ऐच्छिक. आणि ती न देणाऱ्या सभासदाचा कोणताही हक्क कमी करायचा नाही. दरवर्षी तपासलेला हिशेब निबंधकाकडे पाठवायचा. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही या वेगळ्या निधीची कल्पना राहिली आहे.

म्हणजे विडी वळणाऱ्या बाईने राजकारणासाठी दिलेल्या रुपयावर देखरेख ठेवण्याची सोय या देशात १९२६ सालीच झाली होती. गिरणीच्या मालकाने दिलेल्या लाखाचे काय? त्या प्रश्नाला हात घालायला कायद्याला आणखी चौतीस वर्षे लागली.

तो प्रश्न प्रथम ठळकपणे निघाला मुंबईच्या उच्च न्यायालयात, १९५७ साली. टाटांच्या पोलाद कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देण्याची मुभा आपल्या घटनापत्रात घालून घ्यायची होती. काही भागधारकांनी हरकत घेतली. प्रकरण मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्यासमोर आले. कायद्यात मनाई नव्हती, म्हणून त्यांना परवानगी द्यावी लागली. पण ती देताना त्यांनी धोक्याची घंटा वाजवली. कंपन्यांचा पैसा राजकारणात शिरला तर तो वाढत जाईल आणि शेवटी लोकशाहीचाच गळा दाबील, अशा आशयाचे ते बोलले, आणि संसदेने यात लक्ष घालावे असे त्यांनी बजावले. संसदेने १९६० साली लक्ष घातले ते एवढेच, की देणगीला मर्यादा घातली : पंचवीस हजार रुपये किंवा सरासरी नफ्याचे पाच टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते, आणि ती रक्कम ताळेबंदाबरोबर जाहीर करायची.

ज्या वर्षी छागलांनी हा इशारा दिला, त्याच वर्षी त्याच न्यायालयात तारकुंडे न्यायमूर्ती म्हणून आले. या आणि पुढे येणाऱ्या आणखी काही माणसांमुळे मी आजच्या कथेला एका इमारतीची कथा म्हणतो. मुंबईच्या त्या काळ्या दगडी इमारतीतून बाहेर पडलेल्या माणसांनीच निवडणुकीच्या पैशाचा कायदा घडवला, मोडला आणि पुन्हा सावरला.

तारकुंडे मूळचे पुरंदर तालुक्यातल्या सासवडचे. जन्म ३ जुलै १९०९. पुण्यात शेतकीचे शिक्षण घेऊन ते विलायतेला गेले, बॅरिस्टर होऊन आले आणि पुण्यात वकिली करू लागले. काँग्रेसमधल्या समाजवाद्यांत ते काही काळ होते. नंतर मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांनी त्यांना ओढले. १९४२ साली चालती वकिली सोडून ते रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले आणि १९४४ साली त्याचे सरचिटणीस.

इथे मला एक गोष्ट लपवता येणार नाही. सोलापूर हे मार्शल लॉ सोसलेले शहर. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. अशा शहरात हे सांगणे जड जाते की बेचाळीसच्या चळवळीला रॉय यांच्या पक्षाने विरोध केला. हिटलरचा पराभव आधी, बाकीचे मग, असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्या विचारांच्या इंडियन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार महासंघाला युद्धकाळात हिंदुस्थान सरकारकडून प्रचारासाठी दरमहा तेरा हजार रुपये मिळत होते. ही गोष्ट बाहेर आली तेव्हा तिच्यावर मोठा गदारोळ झाला. फेडरेशनची बाजू अशी होती की फॅसिझमविरुद्धच्या कामाला हा उघड खर्च आहे, लाच नव्हे. ती बाजू प्रामाणिक असेलही. पण सरकारचा पैसा घेणारी कामगार संघटना असा शिक्का एकदा बसला तो काही धुतला गेला नाही.

मी ही गोष्ट तारकुंडे यांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही. पैसा कोठून आला हा प्रश्न माणसाच्या हेतूपेक्षा मोठा होऊन बसतो, हे त्या पिढीने आपल्या घरातच पाहिले होते, एवढेच मला दाखवायचे आहे. १९४८ साली रॉय यांनी आपला पक्षच विसर्जित केला. सत्तेसाठी धडपडणारा पक्ष मतदाराला शहाणा करीत नाही, तो त्याला गोळा करतो, असे त्यांचे मत झाले होते. तारकुंडे पुन्हा वकिलीकडे वळले, या वेळी मुंबईच्या उच्च न्यायालयात. तिथेच १९५७ ते १९६९ न्यायमूर्ती होते. १९६९ साली मुदतीपूर्वीच खुर्ची सोडून ते दिल्लीला गेले आणि सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले.

त्याच १९६९ सालात आणखी एक घटना घडली. कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणगी देण्यावर सरकारने पूर्ण बंदी घातली. वरवर पाहता हे छागलांच्या मनासारखेच झाले. पण बंदी घालताना पक्षांच्या खर्चाला दुसरी सरळ वाट करून दिली नाही. निवडणुकीचा खर्च थांबला नाही, फक्त धनादेशाची जागा पाकिटाने घेतली. १९६० नंतर ताळेबंदात निदान एक ओळ दिसत असे, तीही गेली. ज्याला आपण बाजारात दोन नंबरचा पैसा म्हणतो, त्याला राजकारणाचा मोठा दरवाजा इथे उघडला.

आता १९७४. हे वर्ष नीट लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात सत्त्याहत्तरावे कलम आहे. उमेदवाराने आपल्या खर्चाचा हिशेब ठेवायचा, तो ठरलेल्या मर्यादेत ठेवायचा, आणि निकालानंतर तीस दिवसांत दाखल करायचा. मूळ कल्पना इंग्लंडच्या १८८३ च्या कायद्यातली. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत दिल्लीच्या सदर मतदारसंघातून अमरनाथ चावला निवडून आले. पराभूत उमेदवार कंवरलाल गुप्ता यांनी अर्ज केला की चावलांसाठी पक्षाने केलेला खर्चही त्यांच्या खात्यावर धरला पाहिजे. ३ ऑक्टोबर १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे मान्य केले. न्यायमूर्ती भगवती यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा गाभा साधा आहे. उमेदवाराच्या हाताला बांधायचे आणि पक्षाचा हात मोकळा सोडायचा, तर मर्यादेला अर्थ काय? ज्याच्यामागे पैसेवाला पक्ष नाही, त्या गरीब उमेदवाराने उभे तरी कसे राहायचे?

निकाल लागून तीन आठवडे होण्याच्या आत सरकारने वटहुकूम काढला आणि मग संसदेत दुरुस्ती करून घेतली. पक्षाने, मित्राने किंवा कुठल्याही संस्थेने केलेला खर्च उमेदवाराचा धरायचा नाही, असे स्पष्टीकरण त्या कलमाला जोडले गेले. तेव्हाचे कायदामंत्री होते हरी रामचंद्र गोखले. तेही मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. कायद्याला मर्यादेचा आकडा राहिला, पण त्याच्या बाजूने बैलगाडी जाईल एवढी वाट काढून दिली गेली.

त्याच वर्षी जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने 'सिटिझन्स फॉर डेमोक्रसी' ही संस्था उभी राहिली होती. तारकुंडे तिचे एक प्रमुख कार्यकर्ते. भ्रष्टाचाराचे मूळ निवडणुकीच्या खर्चात आहे, ही जयप्रकाशांची धारणा होती. त्यांनी निवडणूक सुधारणांसाठी एक समिती नेमली आणि अध्यक्षपद तारकुंडे यांना दिले. मिनू मसानी, पु. ग. मावळंकर, अ. ग. नूरानी यांच्यासारखी मंडळी सभासद होती. सरकारने नेमलेली ही समिती नव्हती. तिच्यामागे ना शिपाई, ना शिक्का. १९७५ साली तिने अहवाल दिला.

त्या अहवालात काय होते? नुकतेच जोडलेले ते स्पष्टीकरण रद्द करून पक्षाचा खर्च उमेदवाराच्या खर्चात धरावा. प्रत्येक पक्षाने हिशेब ठेवावा आणि तो तपासून घेऊन लोकांना पाहायला खुला करावा. निवडणूक आयोग एका माणसाचा नसावा, तिघांचा असावा. आणि त्यांची निवड पंतप्रधान, विरोधी पक्षाचा नेता आणि देशाचे सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने व्हावी. मतदाराचे वय एकवीसवरून अठरा करावे. निवडणुकीच्या काळात सरकारने केवळ काळजीवाहू म्हणून वागावे. शिवाय गावोगाव, मोहल्लोमोहल्ली मतदारांच्या समित्या असाव्यात, ज्या निवडणुकीवर डोळा ठेवतील. ही शेवटची सूचना वाचताना मला रॉय यांच्या जुन्या विचारांचा आवाज ऐकू येतो. वरचा पहारेकरी कितीही चांगला असला तरी खालचा माणूस जागा नसेल तर चोरी व्हायचीच.

योगायोग पाहा. त्याच वर्षांत अमेरिकेत वॉटरगेटचे प्रकरण उसळले होते. तिथल्या काँग्रेसने १९७४ साली कायदा करून निवडणुकीच्या पैशावर देखरेख ठेवणारा सहा जणांचा आयोग स्थापला. एका पक्षाचे तीनांहून अधिक सभासद नकोत आणि निर्णयाला चार मते हवीत, असा नियम केला. तिकडे वकील मंडळींना या कामासाठी कार्यालय, पगार आणि कायद्याचे बळ मिळाले. आपल्याकडे त्याच कामाचा अहवाल आला, आणि काही महिन्यांत २५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली.

आणीबाणीत अहवाल कोण वाचतो? तारकुंडे पकडलेल्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. ऑक्टोबर १९७५ मध्ये त्यांच्या संस्थेने अहमदाबादला नागरी स्वातंत्र्य परिषद भरवली, आणि तिथे भाषण केले ते वृद्ध छागलांनी. ते भाषण छापणाऱ्या 'भूमिपुत्र' या नियतकालिकाला सरकारशी झगडावे लागले. अठरा वर्षांपूर्वी पैशाच्या धोक्याचा इशारा देणारा न्यायाधीश आणि त्या धोक्यावर तोडगा लिहिणारा न्यायाधीश असे एका कामात आले.

पुढे १९७७ नंतर तारकुंडे यांनी वकिली थांबवून नागरी हक्कांच्या कामाला वाहून घेतले. बनावट चकमकींची चौकशी केली, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजचे अध्यक्षपद सांभाळले. त्यांच्या अहवालाचे काय झाले ते आता थोडक्यात सांगतो. मतदाराचे वय १९८८ च्या घटनादुरुस्तीने अठरा झाले. आयोग १९९३ पासून कायमचा तिघांचा झाला. १९८५ साली कंपन्यांच्या देणग्यांवरची बंदी उठून पुन्हा मर्यादा आली. २००३ साली त्या कुप्रसिद्ध स्पष्टीकरणाला कात्री लागली आणि नेत्यांच्या प्रचारदौऱ्याच्या प्रवासखर्चापुरतीच सूट राहिली. वीस हजारांवरच्या देणग्यांची यादी आयोगाला देणे पक्षांवर आले. तारकुंडे २२ मार्च २००४ रोजी वारले. म्हणजे ज्या पळवाटेविरुद्ध त्यांनी लिहिले, ती अरुंद झालेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली. पण पक्षाने स्वतःसाठी किती खर्च करावा याला मर्यादा तेव्हाही आली नाही.

२०१७ साली कंपन्यांच्या देणगीवरची टक्केवारीची मर्यादा काढून टाकण्यात आली, आणि २०१८ पासून निवडणूक रोखे विकले जाऊ लागले. बँकेत जायचे, हजारापासून कोटीपर्यंतचा रोखा घ्यायचा आणि पक्षाला द्यायचा. देणाऱ्याचे नाव मतदाराला कळणार नाही. असे सोळा हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ही योजना घटनाबाह्य ठरवली. पैसा कोणी दिला हे जाणणे मतदाराचा हक्क आहे, आणि कंपनीच्या अमर्याद देणगीला माणसाच्या मताशी एका पारड्यात बसवता येत नाही, असा त्याचा आशय होता. सरन्यायाधीश होते धनंजय चंद्रचूड, आणि पाचांत भूषण गवई हेही होते. दोघेही पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. छागलांच्या इशाऱ्याला त्याच घरातून उत्तर आले, पण मध्ये सदुसष्ट वर्षे गेली. आयोगाच्या नेमणुकीचे मात्र उलटे झाले. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश अशी समिती सांगितली, जी तारकुंडे समितीनेच सुचवली होती. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात नवा कायदा होऊन सरन्यायाधीशांच्या जागी एक केंद्रीय मंत्री आला.

इथे मी थांबलो असतो तर तुम्ही टाळ्या वाजवून घरी गेला असता, आणि दिल्लीच्या लोकांना दोष देऊन आपण सारे मोकळे झालो असतो. पण मला एक माझी गोष्ट सांगायची आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या संघटनेचा एक साथी महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला. माणूस सोन्यासारखा. खर्चाचा हिशेब लिहायचे काम माझ्याकडे होते. चहा, पत्रके, कनात, लाऊडस्पीकर, पाच-पाच रुपयांच्या पावत्या, सारे मी वहीत लिहिले. प्रचाराच्या दुसऱ्या दिवशी एका यंत्रमागधारकाने जीप पाठवली, चालकासह, डिझेल भरून. मागितली नव्हती. आम्ही रात्री बसून चर्चा केली. एक म्हणाला, परत पाठवू. दुसरा म्हणाला, बाया उन्हात चालून थकल्या आहेत, राहू दे. ती जीप अकरा दिवस फिरली. वहीत तिची एक ओळही नाही. ती ओळ मी लिहिली नाही.

साथी पडला. त्या दिवाळीत बोनसची बोलणी झाली, तेव्हा टेबलाच्या पलीकडे तो मालक बसला होता. जीपचा शब्द त्याने काढला नाही. मला चहा पुढे केला, मुलांची चौकशी केली. मी नेहमीसारखा बोललो का? मला वाटते, थोडा हळू बोललो. माझ्यासोबतच्या कामगारांना ते कळले की नाही, मला माहीत नाही, मला कळले. पुढे काही वर्षांनी वाचनालयात छागलांच्या निकालाची हकीकत वाचली, तेव्हा मला टाटांची कंपनी दिसली नाही, ती जीप दिसली.

म्हणून मला तारकुंडे समितीच्या साऱ्या सूचनांत ती मतदार समित्यांची सूचना सगळ्यांत मोलाची वाटते. कलमे पाहिजेत, आयोग पाहिजे, स्वतंत्र न्यायालय तर पाहिजेच. पण त्या रात्री आमच्या वहीजवळ आयोग नव्हता. आम्ही चौघे होतो. गल्लीतल्या दोन बायांनी येऊन विचारले असते, "दादा, ही गाडी कुणाची?", तर ती ओळ मला लिहावी लागली असती, नाही तर गाडी तरी परत गेली असती.

उमेदवाराचा खर्चाचा हिशेब हा सरकारी कागद आहे. तो पाहायला मागता येतो. विधानसभेला आपल्या राज्यात चाळीस लाख आणि लोकसभेला पंच्याण्णव लाख ही मर्यादा २०२२ साली ठरली. पुढच्या निवडणुकीनंतर तुमच्या भागातल्या उमेदवाराचा हिशेब काढा, आणि तुमच्या डोळ्यांनी पाहिलेल्या मांडवांशी, गाड्यांशी आणि जेवणावळींशी ताडून बघा. विडी कामगार बाईच्या वर्गणीची पावती निबंधक तपासू शकतो, तर मोठ्यांच्या मांडवाची पावती आपण मागायला काय हरकत आहे?

ती जुनी वही मी अजून जपून ठेवली आहे. जीपची नोंद तिच्यात आता मी पेन्सिलीने केली आहे, तारखेसह. कायद्याच्या दृष्टीने तिला काही किंमत नाही. पण आमच्या संघटनेत नवे पोरगे कामाला आले की त्याला हिशेब शिकवताना मी ते पान आधी दाखवतो.